पाण्याखालील छायाचित्रणासाठी खासगी गाइड: बडोद्यातून डायव्हिंग सहलीची आखणी

वाळूत बीळ करून राहणारी पिस्तूल कोळंबी जवळजवळ आंधळी असते. ती दिवसभर बीळ उपसत राहते आणि त्याच बिळात तिच्यासोबत नांदणारा गोबी मासा दाराशी बसून पहारा करतो. धोका जाणवला की तो शेपटी हलवतो आणि क्षणात दोघेही आत जातात. या जोडीचे छायाचित्र घ्यायचे, तर वाळूच्या हातभर वर, श्वास संथ ठेवून दहा-पंधरा मिनिटे जवळजवळ निश्चल राहावे लागते, तेव्हा कुठे कोळंबी पुन्हा बाहेर येते. चार-पाच पर्यटकांचा गट घेऊन निघालेला गाइड इतका वेळ थांबू शकत नाही, आणि थांबलाच तर बाकीच्यांची डाइव्ह वाया जाते. खासगी गाइडचे पैसे आपण मोजतो ते मुख्यतः या थांबण्यासाठी. एवढे ध्यानात ठेवले, तर कोणत्या ठिकाणी जावे, कोणाला सोबत घ्यावे आणि दिवसाला किती डाइव्ह कराव्यात, हे सर्व निर्णय घेणे पुष्कळ सोपे होते.

मात्र ज्याला अजून पाण्यात स्थिर राहता येत नाही, त्याने खासगी गाइडवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओपन वॉटर हे स्कूबा डायव्हिंगचे पहिले प्रमाणपत्र मिळाले म्हणजे १८ मीटरपर्यंत उतरण्याची परवानगी मिळाली, इतकाच त्याचा अर्थ. हात न हलवता एका जागी तरंगणे, फिनने (पायात घालायच्या वल्ह्यांनी) वाळू न उडवता मागे सरकणे आणि श्वासाच्या लयीवर वीतभर वरखाली होणे हे जमेपर्यंत कॅमेरा हातात घेण्याची घाई नसावी. चाळीस-पन्नास डाइव्ह आणि त्यानंतर ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र ही मला वाजवी पात्रता वाटते. ॲडव्हान्स्डमुळे ३० मीटरपर्यंतची स्थळे खुली होतात आणि त्या अभ्यासक्रमात तरंगस्थैर्याची एक डाइव्ह निवडताही येते.

आधी विषय, मग समुद्र

बहुतेक जण आधी बेट ठरवतात आणि तेथे काय दिसेल ते नंतर विचारतात. छायाचित्रकाराने हा क्रम उलटा करावा. आपल्याला सूक्ष्म विषय हवे आहेत, म्हणजे न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई), कोळंब्या, समुद्रघोडे, दगडासारखा दबा धरून बसलेला स्कॉर्पियन मासा; की विस्तृत दृश्ये हवी आहेत, म्हणजे प्रवाळांच्या भिंती, बॅराकुडा माशांचे थवे, कासव आणि त्यामागचा सूर्यप्रकाश? पहिल्यासाठी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स आणि सपाट पोर्ट (लेन्ससमोरची काच) लागतो, दुसऱ्यासाठी फिशआय किंवा वाइड लेन्स आणि घुमटाकार डोम पोर्ट. पाण्याखाली लेन्स बदलता येत नाही, म्हणून एका डाइव्हला एकच प्रकार निवडावा लागतो. मॅक्रोला पाणी थोडे गढूळ असले तरी चालते, कारण विषय आणि लेन्स यांच्यामध्ये वीतभरच पाणी असते. वाइडला मात्र स्वच्छ पाण्याशिवाय काहीच साधत नाही. आपली आवड आणि आपल्याकडची लेन्स कोणती, याचे उत्तर मिळाले की समुद्र आपोआप ठरतो.

बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंबातचे आखात, आणि डायव्हिंगच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचे दर्शन घेतलेल्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही: भरतीला अख्खे देऊळ पाण्याखाली जाते आणि ओहोटीला चिखलातून पुन्हा वर येते. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी यांचा गाळ आणि जगातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक, या दोहोंमुळे तिथले पाणी कायम मातकट असते. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ पासूनचे, देशातले पहिले. तेथे नरारासारख्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून चालत प्रवाळ पाहता येतात. कॅमेरा हाऊसिंगमध्ये (जलरोधक आवरणात) घालून, वाकून, उथळ डबक्यांतील जीवांचा सराव करायला ती जागा उत्तम आहे. मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये आणि पाऊल नेहमी वाळूवर ठेवावे, प्रवाळावर नव्हे.

खऱ्या डायव्हिंगसाठी मालवण-तारकर्ली हे आपल्या लोकांच्या सर्वाधिक ओळखीचे ठिकाण. बडोद्यावरून वसईमार्गे कोकण रेल्वेवर जाणाऱ्या गाड्या आहेत. त्यांतील सगळ्या कुडाळला थांबत नाहीत, हे आरक्षणापूर्वी पाहून घ्यावे. भाषेची अडचण नाही, खर्च आटोक्यात राहतो, आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळलेले असल्यास मॅक्रोचा चांगला सराव होतो. तेथे गर्दी असते ती प्रमाणपत्र नसलेल्या पर्यटकांना हाताला धरून पाण्यात उतरवणाऱ्या छोट्या फेऱ्यांची, म्हणून आपण प्रमाणित डायव्हर आहोत आणि आपल्याला गर्दीपासून दूरची जागा हवी आहे, हे आधीच सांगावे लागते. कर्नाटकात मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटरवर असलेल्या नेत्राणी बेटाचे पाणी कोकणापेक्षा बरेच स्वच्छ मिळते.

पहिल्या मोठ्या सहलीसाठी माझी शिफारस अंदमानची आहे. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, आणि नील, म्हणजे शहीद द्वीप, या दोन बेटांवर प्रमाणित केंद्रे, अनुभवी गाइड आणि उथळ-खोल अशी दोन्ही प्रकारची स्थळे आहेत. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही खोल स्थळे थव्यांसाठी नावाजलेली आहेत, परंतु ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्राशिवाय तेथे जाता येत नाही. हॅवलॉकच्या जुन्या गाइडांमध्ये मूळच्या ब्रह्मदेशातल्या करेन समाजाचे लोक आहेत. त्यांची नजर अशी तयार असते की पंख्याएवढ्या समुद्रपंख्यावर (पंख्यासारख्या पसरट प्रवाळावर) चिकटलेला नखाएवढा खेकडाही सुटत नाही. लक्षद्वीपचे पाणी वाइडसाठी याहूनही सुंदर आहे, पण तेथे भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो आणि त्याची कागदपत्रे बरीच आधी सुरू करावी लागतात. ज्यांना केवळ विचित्र आणि दुर्मीळ सूक्ष्म जीवच हवे आहेत, त्यांनी पुढेमागे इंडोनेशियातील लेंबेह सामुद्रधुनी किंवा फिलिपिन्समधील अनिलाओ यांचा विचार करावा. तेथे एका गाइडमागे दोन-तीनच छायाचित्रकार ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे.

तारखा ठरवताना तिथी पाहावी

पश्चिम किनारा, लक्षद्वीप आणि अंदमान या तिन्ही ठिकाणी पावसाळ्यात डायव्हिंग बंद तरी असते किंवा बेभरवशाचे तरी असते. ऑक्टोबरचा पूर्वार्ध संक्रमणाचा काळ; तसेही नवरात्रात बडोदा सोडायला घरचे कोणी तयार होत नाही. अंदमानात जानेवारी ते एप्रिल हा काळ वाइडसाठी सर्वांत भरवशाचा मानावा.

महिना ठरला की भिंतीवरची दिनदर्शिका काढावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याची उंची जास्त बदलते आणि प्रवाह जोराचे होतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, प्रवाह मंद राहतात आणि गाळही कमी ढवळतो. मॅक्रोसाठी सहलीचे मधले दिवस अष्टमी-नवमीला येतील असे पाहावे, कारण प्रवाहात लटकत एका न्यूडिब्रँकवर फोकस धरणे जवळपास अशक्य असते. थवे हवे असतील तर थोडा प्रवाह फायद्याचा ठरतो, कारण मोठे मासे प्रवाहाच्या तोंडाशी जमतात; अशा वेळी उधाणानंतरचे दोन-तीन दिवस घ्यावेत. प्रत्येक स्थळाची भरती-ओहोटीची वेळ स्थानिक गाइडलाच नेमकी ठाऊक असते. त्याला तारखा कळवताना आपण तिथी पाहिली आहे हे सांगितले, तर आपण गंभीर आहोत हेही त्याच्या ध्यानात येते.

गाइडला विचारायचे प्रश्न

केंद्राच्या संकेतस्थळावर ‘खासगी गाइड उपलब्ध’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. काही ठिकाणी गाइड खासगी असतो पण बोट सामायिक असते. म्हणजे पाण्यात आपण मोकळे, परंतु बोट निघण्याची वेळ गटाच्या सोयीची. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: पाण्याखाली जास्तीत जास्त किती वेळ राहण्याची मुभा आहे आणि ती कोण ठरवते? ‘पंचेचाळीस मिनिटे झाली की सगळे वर’ असा नियम असलेल्या बोटीवर खासगी गाइडचे अर्धे पैसे वाया जातात.

दुसरा प्रश्न गाइडच्या ओळखीचा. केंद्राचा मालक बोलतो, पण आपल्यासोबत पाण्यात जाणारी व्यक्ती वेगळी असते. तिचे नाव आणि डाइव्हमास्टर किंवा इन्स्ट्रक्टर म्हणून तिची पात्रता विचारावी, त्या समुद्रात तिने किती वर्षे काम केले आहे तेही विचारावे, आणि शक्य असल्यास आधी फोनवर बोलून घ्यावे. स्वतः छायाचित्रण करणारा गाइड मिळाला तर फारच उत्तम, मात्र त्याने आपल्या डाइव्हवर स्वतःचा मोठा कॅमेरा आणू नये, ही अट सौजन्याने पण स्पष्टपणे घालावी. ज्याचा डोळा स्वतःच्या व्ह्यूफाइंडरला लागला आहे, तो आपल्या हवेकडे कसे लक्ष देणार?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो नेमका विचारला जात नाही: छायाचित्रासाठी तुम्ही प्राणी हलवता का? जो गाइड काठीने मासा पुढे ढकलतो, समुद्रघोडा उचलून सुंदर पार्श्वभूमीवर ठेवतो किंवा फुगणाऱ्या माशाला त्रास देऊन फुगवतो, त्याला नेमू नये. यात नीती आहेच, शिवाय कलेचाही भाग आहे: घाबरलेल्या जीवाची देहबोली जाणकार माणसाला छायाचित्रात लगेच दिसते. कायद्याची बाजू तर आणखी कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत सापडला तर विमानतळावर अडचण होते.

त्यापुढचे प्रश्न सुरक्षेचे आहेत आणि त्यांत संकोच करू नये. बोटीवर प्राणवायूचे सिलिंडर असते का, ते वापरता येणारी व्यक्ती कोण, सर्वांत जवळचा रिकंप्रेशन चेंबर (डायव्हिंगच्या विकारांवर उपचाराची दाबकोठी) कुठे आणि तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, पृष्ठभागावर बोट सोबत फिरते की नांगर टाकून उभी राहते, हे सर्व लिहून मागवावे. उत्तर देताना जे केंद्र कंटाळते, ते टाळावे.

चौकशीचे पत्र लहान पण भरीव असावे. त्यात एकूण डाइव्हची संख्या, शेवटची डाइव्ह कधी केली, प्रमाणपत्राची पातळी, कॅमेरा आणि लेन्स, हव्या असलेल्या विषयांची चार-पाच नावे आणि दिवसाला अपेक्षित डाइव्ह यांचा उल्लेख असावा. विषयांची यादी वीस-पंचवीस नावांची करू नये. गाइड मग दर डाइव्हला यादीतील खुणा पुऱ्या करण्यामागे लागतो आणि आपण पुन्हा गटातल्या पर्यटकासारखे या जीवाकडून त्या जीवाकडे पळत राहतो.

पैशांचा हिशेब

खासगी गाइडचे शुल्क डाइव्हच्या नेहमीच्या दरावर वेगळे आकारले जाते. कुठे ते डाइव्हमागे असते, तर कुठे दिवसामागे. दोघे छायाचित्रकार मिळून एक गाइड घेतला तर खर्च निम्मा होतो, मात्र दोघांची आवड एकच असावी. एक मॅक्रोवाला आणि एक वाइडवाला अशी जोडी जमत नाही. दोघे असताना प्रत्येक नव्या विषयावर पहिली पाळी कोणाची, हे आधी ठरवावे आणि दर डाइव्हला ती बदलावी.

नायट्रॉक्स (जास्त प्राणवायू मिसळलेली हवा), उपकरणांचे भाडे, बंदर शुल्क आणि हवामानामुळे रद्द झालेल्या डाइव्हचे पैसे यांबाबत लेखी उत्तर घ्यावे. दिवसाला तीन-चारऐवजी दोनच डाइव्ह घ्याव्यात असे मी सुचवीन. दुपारी निवांतपणे छायाचित्रे पाहून झाली, की उद्या त्याच स्थळी परत जाऊन काय सुधारायचे ते कळते. एकाच स्थळी लागोपाठ दोन-तीनदा जाण्याची मागणी करणारा ग्राहक गाइडला सुरुवातीला चमत्कारिक वाटतो खरा, पण खासगी सहलीचा सर्वांत मोठा लाभ तोच आहे.

बडोद्यात करायची तयारी

प्रथम वैद्यकीय प्रश्नावली प्रामाणिकपणे भरावी. दमा, हृदयविकार, कानाची जुनी शस्त्रक्रिया, रक्तदाबाच्या गोळ्या यांपैकी काही असल्यास डॉक्टरांची लेखी संमती केंद्राला लागतेच. ती ऐनवेळी बेटावर मिळत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाला एकदा दाखवून घ्यावे. नेहमीचा प्रवास विमा आणि आरोग्य विमा यांत स्कूबा वगळलेले आहे का, किंवा खोलीची मर्यादा आहे का, ते पाहावे. डायव्हरांसाठीचा स्वतंत्र विमा मिळतो आणि तो घ्यावा. कॅमेऱ्याच्या विम्यात पाणी शिरण्याचा धोका धरला आहे का, हेही वाचून घ्यावे.

कॅमेऱ्याचा सराव लालबाग किंवा सरदारबागेच्या तरणतलावात करता येतो, मात्र व्यवस्थापकाची परवानगी घेऊन आणि गर्दी नसलेल्या वेळी. स्कूबा सिलिंडरची गरज नाही. मास्क, स्नॉर्कल आणि कॅमेरा एवढे पुरते. तळाशी एखादे खेळणे ठेवावे आणि हाऊसिंगची प्रत्येक कळ न पाहता बोटाला सापडेपर्यंत सराव करावा: ॲपर्चर कुठे, शटर कुठे, फोकसचे बिंदू कसे हलवायचे. समुद्रात ही कळ शोधण्यात गेलेला प्रत्येक क्षण हवेच्या मोबदल्यात जातो.

त्याच सरावात पाण्याचे प्रकाशशास्त्र अनुभवाला येते. सपाट काचेतून पाहिलेली वस्तू सुमारे पावपट जवळ आणि एक तृतीयांश मोठी भासते. लाल रंग पहिल्या चार-पाच मीटरमध्येच विझू लागतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा जातो, आणि उरते ते निळे-हिरवे धुके. तलावात हे जाणवत नाही. समुद्रात पहिल्या छायाचित्रातच जाणवते. म्हणून स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, लागतात, आणि शक्यतो दोन. त्यांचा प्रकाश मीटर-दीड मीटरपलीकडे कामाचा राहत नाही, कारण तो जाताना आणि परतताना दोनदा पाणी ओलांडतो. जवळ जा आणि आणखी जवळ जा, हा जुन्या छायाचित्रकारांचा आग्रह याच हिशेबातून आला आहे. ज्यांच्याकडे टीजी-७ सारखा साधा, मुळातच जलरोधक कॅमेरा आहे, त्यांनी तो हाऊसिंगशिवाय १५ मीटरपर्यंतच चालतो हे विसरू नये. हाऊसिंग घेतले तर ४५ मीटरपर्यंत निश्चिंती राहते.

ओ-रिंगची, म्हणजे हाऊसिंगच्या सांध्यातील रबरी कड्याची, निगा घरीच शिकून घ्यावी. ती काढून, बोटांनी चाचपून, केस किंवा वाळूचा कण नाही याची खात्री करून, उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावावे. ग्रीस जास्त लावले म्हणजे जास्त सुरक्षित, हा गैरसमज आहे. पाणी अडवते ती रिंग. ग्रीस तिला फक्त सरकू देते, आणि जादा ग्रीसला कचरा चिकटतो. हाऊसिंगला निर्वात तपासणीचा पंप बसवता येत असेल तर तो खर्च करावाच. आदल्या रात्री हवा काढून ठेवली आणि सकाळी दिवा हिरवाच राहिला, तर पाणी शिरण्याची भीती बहुतांशी संपते.

सामान

सुट्या लिथियम बॅटऱ्या नेहमी केबिनमध्ये, टोके झाकून न्याव्यात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना अडचण येत नाही, १०० ते १६० पर्यंतच्या असतील तर विमान कंपनीची परवानगी लागते. डायव्हिंगच्या टॉर्चमधील बॅटरी काढून वेगळी ठेवावी. कॅमेरा, लेन्स आणि डोम पोर्ट हातात. स्ट्रोबचे दांडे, फिन आणि सूट चेक-इनमध्ये. विमानात हाऊसिंग पूर्ण बंद करून नेऊ नये, नाहीतर दाबाच्या फरकामुळे ते उघडायला जड जाते. मुख्य ओ-रिंग काढून छोट्या डबीत ठेवणे हा सोपा उपाय आहे. परदेशी जात असल्यास निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून महागड्या उपकरणांचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना नवी खरेदी समजून शुल्क मागितले जात नाही. बडोद्याहून अंदमानला थेट विमान नाही, एक-दोन ठिकाणी बदलावे लागते. जोडविमानांत पुरेसे अंतर ठेवावे, कारण आपण पोहोचलो आणि सामान मागे राहिले तर सहलीचा पहिला दिवस बुडतो.

पहिली डाइव्ह कॅमेऱ्याविना

कितीही मोह झाला तरी पहिली डाइव्ह उथळ स्थळी, कॅमेरा बोटीवर ठेवून करावी. वजन बरोबर आहे का, मास्क गळतो का, आपण हवा किती वापरतो, हे गाइडला आणि आपल्याला दोघांनाही त्यात कळते. त्यानंतर किनाऱ्यावर बसून खुणा ठरवाव्यात. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’; उत्साहाच्या भरात ही खूण केली तर चांगली डाइव्ह तिथेच संपते. ‘हा विषय नको, पुढचा दाखवा’, ‘मला येथे थांबायचे आहे’, ‘माझ्या मागून या जीवावर प्रकाश धरा’ आणि ‘चौकटीतून बाहेर व्हा’ या चार खुणा आपसांत ठरवल्या की पाटीवर लिहिण्याची वेळ क्वचित येते.

हवेचे गणितही याच वेळी मांडावे. नेहमीच्या ११ लिटर सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला १६५० लिटर उरतात. खोलीबरोबर दाब वाढतो, म्हणून पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर वापरणारा माणूस १० मीटरवर ३० आणि २० मीटरवर ४५ लिटर वापरतो. म्हणजे १० मीटरवर ५५ मिनिटे, २० मीटरवर जेमतेम ३७. छायाचित्रकाराने उथळ पाण्यावर प्रेम करावे, ते यासाठी. शिवाय रंग आणि सूर्यप्रकाशही तिथेच अधिक असतो. नायट्रॉक्सने हवा वाढत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याने वाढतो तो नायट्रोजनच्या हिशेबातील वेळ, म्हणजे शरीरात तो धोक्याइतका साठण्यापूर्वी खाली राहता येणारा वेळ, आणि ३२ टक्के प्राणवायूचे मिश्रण घेतले की साधारण ३३ मीटरखाली उतरता येत नाही.

पाण्याखाली

गाइड जीव दाखवतो तेव्हा लगेच झेप घेऊ नये. तीन-चार हात अंतरावर थांबून एक चाचणी छायाचित्र घ्यावे आणि प्रकाश जुळवून मगच पुढे सरकावे. मॅक्रोसाठी ॲपर्चर एफ/१६ ते एफ/२२, शटर १/२०० च्या आसपास आणि कमी आयएसओ, ही सुरुवात पुरेशी आहे. वाइडमध्ये डोम पोर्टमुळे कडा धूसर होतात, म्हणून एफ/८ ते एफ/११ ठेवावे आणि पाण्याचा निळा रंग शटरच्या वेगाने गडद-फिका करावा. स्ट्रोब लेन्सच्या अगदी शेजारी ठेवले तर पाण्यातील कण उजळून छायाचित्रावर पांढरे ठिपके पडतात. दोन्ही बाजूंना दूर नेऊन किंचित बाहेर वळवले की ठिपके कमी होतात. रॉ स्वरूपातच छायाचित्रे घ्यावीत, रंग नंतर जुळवता येतात.

विषयाच्या वरून खाली छायाचित्र घेण्याची सवय मोडावी. जिवाच्या डोळ्याच्या पातळीवर किंवा थोडे खाली गेले, की पार्श्वभूमीला वाळूऐवजी मोकळे पाणी येते. ही जागा गाठताना मात्र गुडघे, कोपर किंवा फिन प्रवाळाला लागत असतील, तर ते छायाचित्र सोडून द्यावे. गाइडला आधीच सांगून ठेवावे की असे घडताना दिसले तर त्याने आपल्याला ओढून मागे घ्यावे. पैसे देणाऱ्या पाहुण्याला हात लावायला तो एरवी कचरतो. एका छोट्या जीवावर स्ट्रोबचा मारा किती करावा यालाही मर्यादा हवी. आठ-दहा छायाचित्रांत जमले नाही तर अडचण बहुधा मांडणीत असते, संख्येत नसते.

खासगी गाइड सोबत असला तरी दर पाच मिनिटांनी दाबमापक आपण स्वतः पाहावा. गाइड आपला एकमेव जोडीदार असतो, म्हणून तोही नजरेच्या टप्प्यात राहील असे वागावे. परतताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा थांबा घ्यावा. या थांब्यात छायाचित्रे पाहत बसण्याचा मोह होतो आणि खोलीचे भान सुटते. पाहायचीच असतील तर गाइडच्या शेजारी राहून पाहावीत.

वर आल्यावर

कॅमेरा बोटीवर देताना तो कोणाच्या हाती द्यायचा हे आधी ठरलेले असावे आणि त्याला डोम धरून उचलू नये हे सांगितलेले असावे. सर्वांसाठीच्या धुण्याच्या पिंपात कॅमेरा सोडून जेवायला जाऊ नये. मास्क आणि टॉर्च त्यावर आपटतात. गोड्या पाण्यात स्वतः बुडवून प्रत्येक कळ दाबावी, म्हणजे आत अडकलेले मीठ सुटते. डोक्याचे केस पुसून आणि हात कोरडे करूनच हाऊसिंग उघडावे. दुसऱ्या दिवसाची जुळणी रात्री वातानुकूलित खोलीत, सिलिका जेलची पुडी आत टाकून करावी. दमट हवेत बंद केलेल्या हाऊसिंगची काच थंड पाण्यात गेल्यावर आतून धुरकटते.

छायाचित्रांच्या दोन प्रती रोज कराव्यात आणि त्याच वेळी गाइडसोबत बसून जीवांची नावे लिहून घ्यावीत. परतीचे विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी असावे, आणि अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर पूर्ण २४ तास ठेवावेत. तो मोकळा दिवस गाइडला बक्षिसी देण्यात, उधारीचा हिशेब मिटवण्यात आणि त्याला उपयोगी पडतील अशी निवडक छायाचित्रे देण्यात घालवावा. ती वापरायची कशी, नाव द्यायचे की नाही, हेही तेव्हाच बोलून घ्यावे.

बडोद्यात आल्यावर हाऊसिंग रात्रभर गोड्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, मुख्य ओ-रिंग काढून ठेवावी. स्ट्रोबमधील बॅटऱ्या काढाव्यात. पहिला पाऊस पडण्यापूर्वी लेन्स आणि कॅमेरा आर्द्रता-नियंत्रित कपाटात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत आणि जेल गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करून घ्यावे. हाऊसिंगची सर्व्हिसिंग करवायची असल्यास ती पावसाळ्यातच उरकावी, कारण दिवाळीनंतर दुरुस्तीवाल्यांकडे रांग लागते.